एमबीबीएसचं पहिलं वर्ष पुन्हा: अन्याय नेमका कुणावर?

नीटचा निकाल लागला की ठाण्यात सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागतो. त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षाने लागणारा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा निकाल मात्र शेजारच्या फ्लॅटलाही कळत नाही. वाईट लागला असेल तर तो घरातल्या घरातच राहतो. मग एखाद्या लग्नात कुणीतरी वर्षं मोजतं, "तुमचा आता सेकंड इयरला असेल ना?" आणि आई जेवणाच्या रांगेकडे बोट दाखवते.

विषय बदलला तरी लोकांच्या मनातला प्रश्न बदलत नाही. मेडिकलच्या पहिल्याच वर्षी गटांगळ्या खाल्लेल्या मुलाला तेच वर्ष पुन्हा करू द्यावं का? "त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर एव्हाना पुढे गेला असता." "बाकीच्यांनी एका दमात केलं, मग याचेच लाड का?" आणि आवाज जरा खाली आणून, "उद्या हाच आपल्या आईला तपासायचा." यातलं पहिलं वाक्य नियम वाचला की टिकत नाही. दुसरं बरोबर आहे, पण वेगळ्या देशात. तिसऱ्याचा मात्र नीट विचार करायला हवा.

आधी नियम, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. पहिल्या वर्षाला मुख्य विषय तीन: ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. प्रत्येकाचे शंभर-शंभर मार्कांचे दोन पेपर, वर शंभर मार्कांचं प्रॅक्टिकल आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. पास होण्याची रेषा ५० टक्क्यांची. थिअरी आणि प्रॅक्टिकल यांचा मेळ कसा घालायचा, यात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने गेल्या काही वर्षांत इतके फेरफार केलेत की सीनियरने सांगितलेला नियम ज्युनियरला लागू असेलच असं नाही. २०२३ साली तर दोन पेपरांच्या विषयाला ४० टक्क्यांवर पास करायचं ठरलं आणि त्याच वर्षी ते मागेही घेतलं. तेव्हा आपल्या बॅचचं परिपत्रक स्वतः वाचावं. परीक्षेला बसायलाच हजेरी लागते, थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के. शिवाय इंटर्नलचे मार्क.

नापास झाला तर काही आठवड्यांत सप्लिमेंटरी परीक्षा असते, मुलांच्या भाषेत 'सप्ली'. तीत सुटला तर आपल्याच बॅचबरोबर दुसऱ्या वर्षाला. नाही सुटला तर ज्युनियरांमध्ये. इंजिनिअरिंगच्या मुलांना केटी घेऊन पुढच्या वर्षाला बसता येतं, तसं इथे नाही. एक विषय राहिला तरी दुसऱ्या वर्षाचं दार बंद. पूर्वी सहा महिने मागे चालणारी 'ऑड बॅच' असायची. नापास झालेली मुलं तीत जायची आणि शिक्षकांना तेच क्लिनिक दोनदा घ्यावं लागायचं. आताच्या नियमांत अशा वेगळ्या बॅचला जागा ठेवलेली नाही.

आता महत्त्वाचं कलम. पहिलं वर्ष सोडवायला जास्तीत जास्त चार प्रयत्न. २०१९ च्या नियमांनी ही मर्यादा देशभर आणली आणि २०२३ च्या नियमावलीने ती कायम ठेवली. पहिलं वर्ष चार वर्षांच्या आत सुटलं पाहिजे आणि इंटर्नशिप सोडून सगळा अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत. अर्धे पेपर देऊन उरलेले बुडवले तरी तो प्रयत्न मोजला जातो.

चार हा आकडा ऐकायला सढळ वाटतो, पण मुख्य परीक्षा हा एक प्रयत्न आणि सप्ली हा दुसरा. म्हणजे पहिल्याच वर्षात दोन संपले. ज्युनियरांबरोबर पुन्हा मुख्य परीक्षा, पुन्हा सप्ली, आणि चार झाले. सगळ्या परीक्षा लागोपाठ दिल्या तर मुलाला वर्ष पुन्हा करायची संधी एकदाच मिळते. "हे वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतात" हा जुना किस्सा आता फारसा लागू नाही. अमेरिकेतही डॉक्टरांच्या लायसन्स परीक्षेच्या प्रत्येक टप्प्याला पूर्वी सहा प्रयत्न मिळायचे. ते चारवर आणण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला आणि २०२१ पासून लागू झाला. आपल्याकडे या नियमाला एक मोठा अपवाद केला गेला: २०२०-२१ ची बॅच कोविडमध्ये डिसेक्शन हॉलमध्ये मृतदेहावर शिकण्याऐवजी मोबाइलवर ॲनाटॉमी शिकली, म्हणून तिला एकवेळची सवलत म्हणून पाचवा प्रयत्न दिला.

जागा कुणाची गेली?

सगळ्यात लोकप्रिय आक्षेप जागेचा. २०२४ मध्ये नीटसाठी २४ लाखांहून जास्त मुलांनी नाव नोंदवलं आणि देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. अशा टंचाईत एका जागेवर कुणीतरी दोन वर्षं बसतो म्हटलं की राग येणं साहजिक आहे.

पण कॉलेजला मंजूर होते ती दरवर्षीची नवी प्रवेशसंख्या. शंभर जागांच्या कॉलेजात पुढच्या वर्षीही शंभर नवीन मुलं येतात आणि रिपीटर त्यांच्या शेजारी जास्तीचा म्हणून बसतो. त्याच्यामुळे नव्याण्णवच घेतली, असं होत नाही. पुढच्या साली नीट दिलेल्या कुणाचंही काही जात नाही.

उलट बाजू तपासून बघा. नापास झालेल्याला लगेच घरी पाठवला तर काय होईल? त्याची जागा वेटिंग लिस्टमधल्या मुलीला मिळेल का? नाही. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश नसतो. ती जागा त्या बॅचपुरती पुढची साडेतीन वर्षं रिकामीच राहते आणि शेवटी एक डॉक्टर कमी बाहेर पडतो. सरकारी किंवा पालिकेचं कॉलेज असेल तर त्या वर्षाचा जनतेचा खर्चही पाण्यात. कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महापालिका चालवते. तिथला एक मुलगा पहिल्या वर्षानंतर गळला, तर घरपट्टी भरणाऱ्या ठाणेकरांच्या हाती काय आलं? थोडक्यात, जागेचा मुद्दा पुढे करणाऱ्यांनीच रिपीटच्या बाजूने उभं राहायला हवं.

रिपीटर फुकट पडतो असंही नाही. डिसेक्शनच्या टेबलाभोवती आणखी एक डोकं, ट्यूटरला तपासायला आणखी एक जर्नल, व्हायवाच्या यादीत आणखी एक नाव. दोन-चार मुलं असतील तर जाणवत नाही, पंचवीस असतील तर जाणवतं. पण एखाद्या कॉलेजात पंचवीस मुलं लटकत असतील तर चौकशी मुलांआधी कॉलेजची व्हायला हवी.

शर्यत आणि रेषा

"बाकीच्यांनी एका दमात केलं." या वाक्यात एक गृहीतक आहे. सगळे एकमेकांशी शर्यत लावून धावतायत आणि एकालाच दोनदा धावायला मिळतंय, असं ते गृहीतक. जिथे खरंच शर्यत असते तिथे हा आक्षेप सोळा आणे खरा आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण फ्रान्स.

फ्रान्समध्ये २०१० ते २०२० या काळात वैद्यकीय शाखांसाठी 'पासेस' नावाचं सामायिक पहिलं वर्ष होतं. शाळा संपवलेल्या मुलाला त्यात शिरणं अवघड नव्हतं. खरी चाळणी वर्षाच्या शेवटी. पुढे किती जण जाणार हा आकडा सरकार आधीच ठरवायचं. मार्क कितीही पडोत, रँक त्या आकड्यात बसली पाहिजे. आणि न बसलेल्याला साधारण एकदा ते वर्ष पुन्हा करता यायचं. व्हायचं काय, की नुकत्याच शाळेतून आलेल्या मुलीची गाठ पडायची अख्खा अभ्यासक्रम एकदा करून बसलेल्या गड्याशी. तो वर सरकला की ती खाली. त्याच्या दुसऱ्या संधीची किंमत तिच्या पहिल्या संधीतून वसूल होत होती. २०१९ च्या कायद्याने ही रचना मोडली आणि तिच्या जागी आलेल्या नव्या पहिल्या वर्षात पुन्हा बसण्याची सोयच ठेवली नाही.

आपल्याकडचं पहिलं वर्ष तसं नाही. इथे ५० टक्क्यांची रेषा आहे आणि शंभरच्या शंभर मुलं ती ओलांडू शकतात. आरटीओत गाडीची टेस्ट देताना माणूस नापास झाला तर काही दिवसांनी परत येतो आणि पास झाला की लायसन्स घेऊन जातो. तू कुणाचं लायसन्स खाल्लंस, असं त्याला कुणी विचारत नाही. पहिल्या वर्षाची परीक्षा त्याच जातीची. रिपीटर पास झाला म्हणून ज्युनियरचा एक मार्कही घटत नाही. बक्षिसं, मेडल वगैरेंचा प्रश्न उरतो. तिथे रिपीटरला बाजूला ठेवलं तर कुणी हरकत घेऊ नये.

गंमत अशी, की दुसऱ्यांदा धावणाऱ्याचा खरा फायदा आपल्याकडेही आहे, पण तो नीटमध्ये, आणि त्यावर सोसायटीच्या कट्ट्यावर कुणी तावातावाने बोलत नाही. नीट कितीही वेळा देता येते. वयाची वरची अटही २०२२ मध्ये काढून टाकली. तामिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये जे आकडे मांडले, त्यांत वैद्यकीय प्रवेश मिळवणाऱ्यांतलं रिपीटरांचं प्रमाण २०१६-१७ मध्ये साडेबारा टक्क्यांच्या आसपास होतं आणि २०२०-२१ मध्ये ते ७१ टक्क्यांच्या वर गेलं. नौपाड्यातल्या क्लासची दुसऱ्या वर्षाची फी भरू शकणारा आणि ती न भरू शकणारा यांच्यातली शर्यत ती. तिथे ड्रॉप घेतला तर 'जिद्दी मुलगा', आणि आत शिरल्यावर एकदा पाय घसरला तर 'जागा अडवणारा'. मला हा हिशोब उलटा वाटतो.

मग पेशंटचं काय?

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पहिल्या वर्षी धडपडलेली मुलं पुढच्या वर्षांतही धडपडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. शिक्षकांना हे अनुभवाने माहीत असतं. आणि ॲनाटॉमी ही पास होऊन विसरायची गोष्ट नाही. दंडात इंजेक्शन कुठे द्यायचं आणि कुठे दिलं तर नस जायची, हे तिथेच शिकवतात.

पण वाईट डॉक्टर कशातून घडतो, हे तपासणारा एक गाजलेला अभ्यास आहे. अमेरिकेत मॅक्सिन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांनी तो २००५ मध्ये प्रसिद्ध केला. राज्यांच्या मेडिकल बोर्डांनी शिस्तभंगाची कारवाई केलेले २३५ डॉक्टर त्यांनी घेतले, त्यांच्याशी तुलना करायला कारवाई न झालेले ४६९ घेतले आणि सगळ्यांचं कॉलेजातलं रेकॉर्ड उघडलं. कारवाई झालेल्यांमध्ये कॉलेजात असतानाच पेशाला न शोभणाऱ्या वागणुकीच्या नोंदी असण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. कारवाईच्या एकूण धोक्यातला किती वाटा कशाशी जोडता येतो, याचा हिशोब त्यांनी मांडला. पेशाला न शोभणारी वागणूक २६ टक्के, पहिल्या दोन वर्षांतले कमी मार्क ७ टक्के, प्रवेश परीक्षेतले कमी मार्क १ टक्का.

हे आकडे अमेरिकेचे आहेत आणि शिस्तभंग म्हणजे काही उपचारातलं कौशल्य नव्हे, म्हणून ते जसेच्या तसे कळव्याला चिकटवू नयेत. कमी मार्कांचा काहीच संबंध नाही असंही ते म्हणत नाहीत, सात टक्के म्हणजे शून्य नाही. तरी त्यातून एक फरक लख्ख दिसतो. जमत नाही म्हणून मागे पडलेला मुलगा आणि फिकीर नाही म्हणून मागे पडलेला मुलगा निकालपत्रावर सारखे दिसतात. पेशंटला धोका दुसऱ्यापासून जास्त. पहिल्याला आणखी एक वर्ष द्यावं, बिनशर्त. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र हजेरीत प्रॉक्सी, कॉपी केलेली जर्नल, सांगूनही न बदललेली वागणूक यांची नोंद ठेवून, अटी घालून द्यावं. गैरवर्तन मोठं असेल आणि मार्क सत्तर टक्के असले, तरी त्याला रोखण्याची हिंमत कॉलेजला हवी. सध्या होतं ते बरोबर उलट. मार्कांची चाळणी कडक आणि वागणुकीची सैल.

पेशंटची खरी हमी रेषेत आहे. पहिल्यांदा ५० मिळवणारा आणि तिसऱ्या प्रयत्नात ५० मिळवणारा यांच्यासाठी रेषा एकच असेल, तर रिपीटमुळे पेशंटचं काही बिघडत नाही. बिघडतं ते "जाऊ दे, वर्ष वाचव त्याचं" म्हणत व्हायवात मार्क टाकले की. वर्ष पुन्हा करायला लावणं हा त्या दयेपेक्षा प्रामाणिक मार्ग आहे.

आणि रेषा तरी सगळीकडे एक आहे का? ठाणे स्टेशनवरून दोन मुलं निघतात. एक पुढच्याच स्टेशनवर कळव्याला उतरतो. त्याचा पेपर नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ काढतं. दुसरी ट्रान्स-हार्बरने नेरुळला जाते. ती तेरणात असेल तर तोच नाशिकचा पेपर, डी. वाय. पाटीलमध्ये असेल तर त्या अभिमत विद्यापीठाचा स्वतःचा. कामोठ्याच्या एमजीएमचंही तसंच. अभ्यासक्रम एक, चार प्रयत्नांचा नियम एक, प्रश्नपत्रिका मात्र वेगवेगळ्या. बाहेरचे परीक्षक येतात, तरी एका ठिकाणचे ५० आणि दुसरीकडचे ५० सारखेच, हे छातीठोकपणे कोण सांगणार? शेवटच्या वर्षी सगळ्यांना एकच परीक्षा, ही त्यावरची योजना आपल्या २०१९ च्या वैद्यकीय आयोग कायद्यात आहे. तिचं नाव नेक्स्ट. जुलै २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली.

कोण अडकतं आणि का

इथपर्यंत मी रिपीटच्या बाजूने बोललो. आता जे खटकतं ते. रिपीट देण्यात अन्याय नाही, पण जे रिपीट दिलं जातं त्यात आहे.

नीट ही पर्यायांची परीक्षा: चारातलं एक निवडा. पहिल्या वर्षाला एकदम 'सविस्तर लिहा, आकृती काढा' आणि समोर बसलेल्या परीक्षकाला तोंडी उत्तर. तेही इंग्रजीत. शहापूर-मुरबाडकडून मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, पाठ असतो, पण व्हायवात पहिलं वाक्य जुळवता जुळवता परीक्षक पुढच्या हाडाकडे वळलेला असतो. तिला येत नाही, असा शिक्का बसतो. मग आरक्षणावरून शेरेबाजी सुरू होते. मेरिटचा हिशोब करणाऱ्यांना भाषेचा हिशोब करावासा वाटत नाही.

दुसरं कारण त्याहून सरळ, तरी त्यावर कुणी बोलत नाही: प्रवेशाची तारीख. प्रवेशाच्या फेऱ्या वर्ग सुरू झाल्यानंतरही चालू राहतात. २०२४ मध्ये शैक्षणिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू झालं, आणि रिकाम्या जागा भरण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष फेरी ३० डिसेंबरपर्यंत चालली. त्या शेवटच्या फेरीत आलेल्या मुलाचे जवळजवळ तीन महिने गेलेले. हात, म्हणजे अपर लिंब, कापून झालेला. पहिल्या टेस्ट झालेल्या. टेबलावरची मुलं एकमेकांची दोस्त झालेली. वर्षच मुळात बारा-तेरा महिन्यांचं, त्यातले तीन वजा करा. परीक्षा मात्र त्याच दिवशी, तोच पेपर, आणि पहिला प्रयत्न त्याच्याही नावावर तसाच मोजला जाणार. जागा रिकामी राहू नये म्हणून ज्याला उशिरा घेतलं, त्याचा पहिला प्रयत्न मोजू नये किंवा त्याच्यासाठी जादा तास सक्तीचे करावेत. यातलं एक तरी करायला काय हरकत आहे, मला कळत नाही. कोविडच्या बॅचला हेच तत्त्व लावलं होतं.

तिसरं, मनाचं. वैद्यकीय आयोगाच्या राष्ट्रीय कृती दलाने २०२४ मध्ये ऑनलाइन पाहणी केली. तीत पंचवीस हजारांवर पदवी विद्यार्थ्यांनी भाग घेतला आणि २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. पाहणीत आपणहून उतरलेली ही मुलं, त्यामुळे टक्का सगळ्यांना लागू होईलच असं नाही. तरी चौथ्या बाकावर बसून एकाएकी हजेरी पन्नास टक्क्यांवर आलेला मुलगा आळशी आहे की आजारी, हे कुणीतरी विचारायला हवं.

आता रिपीटच्या वर्षात या मुलांना काय मिळतं? बहुतेक ठिकाणी तेच वेळापत्रक, तेच लेक्चर, तीच स्लाइड. इंग्रजीत अडलेल्याला इंग्रजी नाही, व्हायवाला घाबरणाऱ्याला सराव नाही. नियमांत मेंटॉर आहेत, म्हणजे एका शिक्षकाकडे काही मुलं सोपवलेली असतात. पण ती भेट अनेकदा सहीपुरती. ज्या पद्धतीने शिकवल्यावर मुलगा नापास झाला, त्याच पद्धतीने तितकेच तास पुन्हा शिकवायचं आणि निकाल वेगळा यावा म्हणून वाट बघायची. त्याला नापास का झाला हे कुणी शोधलं नाही, तर तिसरा आणि चौथा प्रयत्न म्हणजे त्याच्या खात्यातून नुसती वजाबाकी. दोन ओळींचा कागद पुरे: काय अडलं, आणि या वर्षी त्यासाठी काय वेगळं करणार. त्यावर विभागप्रमुखांची सही. तो असल्याशिवाय तिसऱ्या प्रयत्नाचा फॉर्म भरू देऊ नये, इतपत सक्ती मला रास्त वाटते. ती सक्ती कॉलेजवर, मुलावर नाही.

पैशाचा भाग थोडक्यात, कारण त्यात समजावण्यासारखं फार नाही आणि चिडण्यासारखं पुष्कळ आहे. अभिमत विद्यापीठांत वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे जाते. जास्तीचं वर्ष म्हणजे पुन्हा किती, हे प्रवेशाच्या वेळी कुणी विचारत नाही, कारण त्या दिवशी नापास हा शब्द उच्चारणंही अपशकुन. विचारावं, आणि उत्तर लेखी घ्यावं: रिपीट वर्षाला पूर्ण फी की काही भाग, हॉस्टेलची खोली राहते की ज्युनियरांना जाते, स्कॉलरशिप किंवा शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू राहतो का. जास्तीचं वर्ष जितकं महाग, तितका 'संधी' हा शब्द बापाच्या पगारावर अवलंबून. कळव्यातल्या मुलाला परवडेल ती दुसरी संधी आणि नेरुळमधल्याला न परवडणारी, किंवा याच्या नेमकं उलट, असं होत असेल तर नियम समान असून उपयोग काय?

चौथ्यानंतर

प्रयत्नांना मर्यादा असावी का? माझ्या मते असावी. मर्यादा नसती तर काही घरांनी मुलाला तिशीपर्यंत तिथेच ठेवलं असतं, कारण 'डॉक्टर होतोय' हे 'सोडलं' यापेक्षा सांगायला सोपं. पण चौथ्या प्रयत्नानंतरची पाटी कोरी आहे. दोन-तीन वर्षं ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी शिकलेला, कदाचित तीनपैकी दोन विषयांत पास झालेला मुलगा बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात बारावीची मार्कशीट असते. त्या दोन विषयांचं पुढच्या कुठल्या पदवीत काही वजन धरलं जावं, अशी सोय एमबीबीएसच्या रचनेत नाही.

म्हणून खरी वेळ आहे ती दुसऱ्या प्रयत्नानंतरची. सप्लीचा निकाल लागला की घरात दोन-तीन दिवस रडारड होते, मग बाबा म्हणतात, "आता जोर लाव." त्याऐवजी त्या आठवड्यात कॉलेजात जाऊन मेंटॉरसमोर बसावं, मुलाला बरोबर घेऊन, आणि विषयवार मार्क टेबलावर ठेवावेत. तिन्ही विषयांत पस्तिशी आहे की एकाच विषयात अठ्ठेचाळीस? थिअरी गेली की व्हायवा? पहिल्या टर्मिनलपासून मार्क चढत आलेत की उतरत? अठ्ठेचाळीसवाल्याला वर्ष पुन्हा करायला काहीच हरकत नाही. तिन्हीकडे पस्तिशी आणि उतरते मार्क असतील, तर मुलालाच विचारावं, तुला हे करायचंय का. हा प्रश्न नीटच्या आधी कुणी विचारलेला नसतो. उत्तर 'नाही' आलं तर एकोणिसाव्या वर्षी फिजिओथेरपी, बायोटेक, कायदा, काहीही नव्याने सुरू करता येतं. एकविसाव्या वर्षीही येतं, पण तोवर घरातली रक्कम आणि मुलाचा आत्मविश्वास दोन्ही बरेच खर्च झालेले असतात.

आणि मुख्य परीक्षेच्या निकालानंतर रिटोटलिंगचा अर्ज करायचा असेल तर करू द्या, मात्र त्याच्या उत्तराची वाट बघत सप्लीचा अभ्यास थांबवू नका. मधे मिळतात ते मोजके आठवडेच.